दात काढावा, हाड राखावे

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या शाखेत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ सुरू होते. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो; तरीही भिलाईतील अनेक ज्येष्ठ ग्राहक प्रत्यक्ष येणेच पसंत करतात. त्यानिमित्ताने त्यांना चार ओळखीचे चेहरे भेटतात आणि आम्हालाही. कोहका परिसरातील शाखेत २०२२ मध्ये रुजू झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा नोंदीतील छायाचित्राशी ताडून पाहणे हा त्या कामाचा एक भाग होय. छायाचित्र बहुधा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे असते. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, हे अपेक्षितच असते. परंतु खरी पंचाईत होते ती चेहऱ्याच्या खालच्या भागामुळे. ओठ आत ओढले गेलेले, गालांना खळगे पडलेले, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या जवळ आलेली. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या, मूळच्या विदर्भातील एका आजोबांनी तर माझी अडचण ओळखून स्वतःच सांगितले, "साहेब, फोटोतला माणूस मीच आहे. फक्त दात त्याच्याकडे राहिले."

दात गेले म्हणून चेहरा बसला, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. दाताबरोबर त्याला धरून ठेवणारे हाडही हळूहळू नाहीसे होते आणि चेहऱ्याचा आधार जातो तो त्यामुळे. वाचक मित्रहो, प्रस्तुत लेख त्या हाडाविषयी आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आमच्या घरात दोन दात दोन निरनिराळ्या पद्धतींनी काढले गेले. एक वडिलांचा, दुसरा माझा. त्या दोहोंतील अंतर मला जसे उमगले तसे मांडत आहे.

बाबांचा दात

२०११ ची गोष्ट. ताईच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना बाबांचा वरचा समोरचा दात ठणकू लागला. हिरडी सुजली, झोप उडाली. घाईघाईने एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दात पाहिला, भूल दिली आणि दहा मिनिटांत दात बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला. दाताच्या मुळाला हाडाचा एक पातळ पापुद्रा चिकटून आला होता. तो काय आहे, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. उलट इतक्या झटपट काम झाले याचे घरभर कौतुक झाले. पुढे कित्येक वर्षे बाबा मोठ्या अभिमानाने सांगत, "दहा मिनिटांत मोकळा झालो." लग्नाच्या छायाचित्रांत त्यांनी काढघालीचा एक दात लावलेला दिसतो.

त्या डॉक्टरांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. दुखतो तो दात काढून टाका, एवढीच आमची मागणी होती आणि ती त्यांनी पुरी केली. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, काढघालीच्या दाताला कंटाळून बाबांनी इम्प्लांट बसवून घेण्याचे मनावर घेतले. तपासणीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे काढला. त्या ठिकाणचे हाड तीन मिलिमीटरही रुंद उरले नव्हते. साधारण चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसवायचा, तर त्याच्या भोवती सर्व बाजूंनी हाड हवे. इथे स्क्रूच हाडाहून जाड. उपाय होता, हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून वर जोडायचा, तो सांधण्याची काही महिने वाट पाहायची आणि मग इम्प्लांट. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खालचे हाड काढून वर लावायचे, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. या वयात नको." तेव्हापासून ते पेरूची फोड सुरीने कापून मागच्या दाढांनी खातात.

हाड का झिजते?

आपला दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते आणि तीत असंख्य सूक्ष्म तंतू असतात. या तंतूंवर दात टांगलेला असतो. तंतूंचे एक टोक मुळात, तर दुसरे खोबणीच्या आतील हाडाच्या थरात रुजलेले असते. हाडाचा हा आतला थर केवळ दातासाठी असतो. दात गेला की त्याचे प्रयोजन संपते आणि शरीर तो थर शोषून घेते. मूळ खाते बंद झाल्यावर त्याला जोडलेल्या स्थायी सूचना आपोआप रद्द व्हाव्यात, तसा हा प्रकार.

मागच्या बाजूला हाड जाड असल्याने हा एक थर गेला तरी थोडेफार शिल्लक राहते. समोरच्या वरच्या दातांची गोष्ट निराळी. ओठाच्या बाजूची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे जवळजवळ सगळी भिंत त्या आतल्या थराचीच बनलेली. दात कितीही अलगद काढला तरी ती काही प्रमाणात झिजणार. आणि ओढाताणीत ती दाताबरोबरच तुटून आली, तर झिजण्यासाठीही काही उरत नाही. बाबांच्या ट्रेमधला पापुद्रा म्हणजे तीच भिंत होती, हे मला बारा वर्षांनी कळले.

झीज किती आणि केव्हा होते, याचे उत्तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. डेन्मार्कमधील लार्स श्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाढा व उपदाढा काढलेल्या जागी बारा महिन्यांत हाडाच्या कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटली आणि त्या घटीपैकी दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. वाणिज्य शाखेत घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवतात. स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते; घटत्या शिल्लक पद्धतीत सुरुवातीला मोठी आणि पुढे कमी कमी. हाडाचा घसारा दुसऱ्या पद्धतीने चालतो, इतकेच नव्हे तर त्याची पहिलीच नोंद सर्वांत मोठी असते. 'आता दात काढून टाकू, नवा बसवायचे सवडीने पाहू' असे आपण सहज म्हणतो. परंतु ती सवड मिळेपर्यंत पुस्तकी मूल्य निम्म्यावर आलेले असते.

टायटॅनियमचे रहस्य

इम्प्लांटला हाड इतके का लागते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क हे १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. अभ्यास संपल्यावर नळी निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. प्रयोगाची वस्तू वाया गेली, पण दंतवैद्यकाला नवी दिशा मिळाली. १९६५ मध्ये येस्ता लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रोनमार्क यांनी पहिली टायटॅनियम इम्प्लांट बसवली. २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती कामात होती.

भारतीय रेल्वेला रूळ पुरविणाऱ्या या पोलादनगरीत टायटॅनियमची स्तुती करणे जरा धाडसाचेच. परंतु इथे टायटॅनियमचा गुण वेगळा आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हाड त्याला परके न मानता थेट त्याच्याशी जुळून येते. इम्प्लांटची सारी ताकद या जुळणीत आहे. जुळायला हाडच नसेल, तर स्क्रू कितीही महागडा असून उपयोग नाही.

कोहक्यातील पंचेचाळीस मिनिटे

आता माझ्या दाताविषयी. शाळेत आठवीत असताना क्रिकेटचा चेंडू लागून माझ्या समोरच्या दोन दातांशेजारचा वरचा दात दुखावला होता. पुढे रूट कॅनॉल आणि कॅप करून तो वीस वर्षे टिकला. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन तिमाहीअखेरच्या धावपळीत, शेंगदाण्याची चिक्की चावताना 'कट्' असा आवाज झाला. कोहका हे दंतोपचारासाठी अगदीच अनोळखी ठिकाण नव्हे. कोहका-कुरूद मार्गावर रुंगटा दंत महाविद्यालय आहे आणि परिसरात दंतवैद्यांचे दवाखानेही बरेच आहेत. मी शाखेजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. मूळ उभे तडकले होते. दात वाचण्याजोगा नाही, हे त्यांनी दोनदा तपासून मगच सांगितले. दात वाचत असेल तर तो वाचवावा, इम्प्लांट हा खऱ्या दाताचा पर्याय आहे, त्याहून वरचढ नाही, हेही त्यांनीच बजावले.

भूल चढल्यावर मी डोळे मिटून जंबुराची वाट पाहू लागलो. जंबूर काही आला नाही. त्यांच्या हातात पेरिओटोम नावाचे हत्यार होते. पेन्सिलीसारखी मूठ आणि टोकाला कागदासारखे पातळ पाते. ते पाते मूळ आणि हाड यांच्यामधील त्या पाव मिलिमीटरच्या फटीत सरकवून त्या एकेक तंतू तोडत होत्या. ओठाच्या बाजूच्या भिंतीला मात्र त्या हत्यार लावत नव्हत्या. सगळा टेकू टाळूकडे आणि दोन दातांच्या मधल्या बाजूंना. थोडा दाब द्यायचा, काही सेकंद थांबायचे, पुन्हा थोडा दाब. हाड किंचित लवचीक असते, त्याला रुंदावायला वेळ दिला तर ते तुटत नाही, असे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस मुलीला समजावले. हिरडी चिरून बाजूला सारण्याचे त्यांनी टाळले. पातळ भिंतीला बराचसा रक्तपुरवठा हाडावरील आवरणातून होतो. हिरडी उचलली की तो तेवढ्यापुरता तुटतो. दाढ असती तर आधी तिची मुळे कापून वेगळी केली असती आणि एकेक काढली असती, हेही बोलता बोलता कळले.

मी मात्र घड्याळाकडे पाहत होतो. बारा वाजता विभागीय कार्यालयाची बैठक होती. मनात आले, बाबांचा दात दहा मिनिटांत निघाला, यांना अजून जमत कसे नाही? पंचेचाळिसाव्या मिनिटाला मूळ हलकेच गोल फिरले आणि दोन तुकड्यांत बाहेर आले. ट्रेमध्ये पापुद्रा नव्हता. डॉक्टरबाईंनी बारीक सळईने खोबणीच्या चारही भिंती तपासल्या आणि म्हणाल्या, "सामनेवाली दीवार पूरी है." त्या वाक्याचे मोल तेव्हा मला कळले नव्हते.

सही करण्यापूर्वी

त्यानंतर रिकाम्या खोबणीत हाडाच्या वाळूसारख्या कणांची भर घातली, वरून कोलॅजनचे आवरण ठेवले आणि टाके घातले. या उपचाराला सॉकेट प्रिझर्व्हेशन, म्हणजे खोबणीचे जतन म्हणतात. ते कण जागा धरून ठेवतात आणि शरीर हळूहळू त्यांच्या आधाराने नवे हाड घडवते. यात एक गोष्ट ग्राहकाने आधीच विचारावी. हे कण निरनिराळ्या उगमांचे असतात: काही गोवंशाच्या हाडापासून, काही मानवी दात्याच्या हाडापासून, तर काही संपूर्णपणे कृत्रिम. आवरणातील कोलॅजनही बहुधा प्राणिज असते. आहार आणि श्रद्धा यांविषयी आग्रही असणाऱ्यांना हे नंतर कळले तर मनस्ताप होतो. रुग्णाच्याच रक्तापासून यंत्रात फिरवून काढलेला फायब्रिनचा गोळा वापरण्याची पद्धतही २००१ पासून रूढ झाली आहे. 'न वाचता सही करू नका' असे रोज पन्नास ग्राहकांना सांगणारा मी संमतिपत्रावर न वाचताच सही करणार होतो! डॉक्टरबाईंनी कागद परत माझ्याकडे सरकवला. कणांचा उगम त्याच कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलेला होता.

या उपचाराने झीज पूर्णपणे थांबते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ती कमी होते, एवढेच खात्रीने म्हणता येते. दात काढल्याबरोबर त्याच खोबणीत इम्प्लांट बसवले की हाड राखले जाते, असा समज एके काळी तज्ज्ञांमध्येही होता. अराउजो, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत इम्प्लांट बसवूनही बाहेरची भिंत झिजल्याचे दिसून आले. प्रत्येक दाताला भर घालण्याची गरजही नसते. अक्कलदाढ काढल्यावर तिथे कोणी इम्प्लांट बसवत नाही. तेव्हा तो खर्च कशासाठी? अलगद काढण्याला मात्र निराळा खर्च फारसा नाही. त्याला लागतो तो वेळ, आणि डॉक्टरचा वेळ आपणच घाई करून कमी करत असतो.

छत्तीसगडमध्ये एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात मिश्री लावतात, तशी इकडे गुडाखू लावण्याची सवय घरोघरी आढळते. तंबाखू आणि गुळाची राब यांची ती मळी बोटाने दातांवर घासतात. स्त्रियाही घासतात, आणि दातांसाठी चांगली म्हणून घासतात. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्या जखमेला नवे हाड घडवण्यासाठी रक्तपुरवठा हवा, तिथे तो तोडण्याचीच ही व्यवस्था. माझ्या शेजारच्या खुर्चीवरील बाईंना डॉक्टरबाईंनी दात काढण्याआधी गुडाखू बंद करण्यास बजावले होते. मधुमेह आटोक्यात हवा, हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असतील तर त्या आवर्जून सांगाव्यात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, हेही त्यांच्या भिंतीवरील हिंदी फलकावर लिहिलेले होते.

खर्चाविषयी बँकेच्या मासिकात लिहिणे प्राप्तच आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये दंतोपचार वगळलेले असतात. अपघातामुळे करावा लागलेला उपचार हा सर्वसाधारण अपवाद. तेव्हा हा खर्च खिशातूनच व्हायचा, असे धरून चालावे. दात काढणे, भर घालणे, इम्प्लांट, वरची कॅप हे टप्पे काही महिन्यांच्या अंतराने येतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा अंदाज आधीच लेखी घेतला तर सोयीचे होते. दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दर सहसा कमी असतात, फेऱ्या मात्र जास्त पडतात. माझ्या बाबतीत भर घालण्याचा खर्च झाला, परंतु बाबांना सांगितलेल्या हनुवटीच्या शस्त्रक्रियेच्या मानाने तो किरकोळच म्हणावा लागेल.

दिवाळी

मे २०२४ मध्ये माझे इम्प्लांट बसले, सप्टेंबरमध्ये कॅप. दिवाळीला नागपूरला गेलो तेव्हा बाबांनी मला खिडकीपाशी उभे केले, चष्मा लावला आणि माझा ओठ बोटाने वर करून हिरडी न्याहाळली. शेजारच्या दाताशी ती एका रेषेत होती. त्यांच्या हिरडीला त्या जागी खळगा आहे.

"किती वेळ लागला काढायला?"

"पंचेचाळीस मिनिटे, बाबा."

ते काही बोलले नाहीत. चकलीचा तुकडा मोडून मागच्या दाढेखाली सरकवला. थोड्या वेळाने म्हणाले, "खालची उजवीकडची दाढ हलते आहे, अरे. सोमवारी काढून टाकतो म्हणतो."

खिशात पैसे भरण्याची एक कोरी स्लिप होती. तिच्या पाठीवर मी लिहून दिले: ही दाढ वाचेल का? काढायचीच तर मुळे वेगळी करून काढाल का? काढल्यावर भिंती शाबूत आहेत का, ते तपासून सांगाल का? आणि तिथे इम्प्लांट बसवायचे ठरले तर खोबणीचे आजच काय करायचे?

बाबांनी स्लिप दोनदा वाचली, शिक्षकी पेशाच्या सवयीने एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि ती चष्म्याच्या घरात ठेवली.

"पहिल्याचे उत्तर 'होय' आले," त्यांनी विचारले, "तर बाकीचे तीन विचारायचे की नाही?"